कोपऱ्यातला तेहतीस

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता दादांनी गिटार मांडीवर घेतली, पहिली तार छेडली, आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

"ही माझी गिटार नाही," ते म्हणाले.

समोरच्या टेबलावर वायरी जोडत बसलेल्या जावयाने मान वर केली. अंगात दोन स्वेटर, डोक्यावर टोपी. थंडी अशी, की कारखान्यात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. "बाबा, धड तुम्ही कापलेलं, मान तुम्ही तासलेली, रंग तुमच्या लेकीने दिलेला. मग काय शेजाऱ्यांची आहे?"

"आवाज ऐक. कुणी तोंडावर रुमाल धरून बोलतंय."

दादा चाळीस वर्षं इलेक्ट्रिक गिटारी घडवत होते. मागणीप्रमाणे, एका वेळी एक. लाकडाची फळी कानाजवळ धरून बोटाने ठोकायची, ती गाते की नुसती खोकते ते ऐकायचं, आणि मगच करवत लावायची, असा माणूस. पण या वाद्याचा गळा लाकडात अर्धाच असतो. उरलेला अर्धा तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये: लोहचुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. वरची तार थरथरली की ती वेटोळी तिची थरथर विजेत उतरवतात आणि स्पीकर ती बोलून दाखवतो.

या गिटारीला असे दोन पिकअप होते. मागचा वाइंडिंगवालीने, कारखान्यात तार गुंडाळणाऱ्या बाईने, केलेला. पुढचा, मानेजवळचा, दादांच्या बायकोने, सगळ्यांच्या काकूंनी. मागच्या उन्हाळ्यात तो पुरा करून काकूंनी मशीन पुसून ठेवलं, आणि पंधरा दिवसांनी देवाने त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या हातचा तो शेवटचा.

शनिवारी संध्याकाळी तो गात होता. आज दुपारी चारला गिऱ्हाईक गिटार न्यायला येणार होतं.

जावई मीटर घेऊन आला. पिकअपची तार विजेला किती अडवते ते मीटर सांगतं. जेवढी वेटोळी जास्त, तेवढा आकडा मोठा. काकूंच्या वहीत या पिकअपपुढे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: आठ पॉइंट दोन शून्य.

मीटरनेही तेच दाखवलं. आठ पॉइंट दोन शून्य. तंतोतंत.

"बघा," जावई हळूच म्हणाला. "डॉक्टर म्हणालेच होते ना बाबा, उजवा कान जरा..."

दादांचा चेहरा उतरला. कान गेला तर या माणसाचं राहिलं काय? त्यांनी पेचकस पुढे केला. जावयाने पुढचा पिकअप उचलून खाली पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं.

"बाबा, हा जोडाचा डाग माझा नाही. माझं सोल्डर मोत्यासारखं बसतं. हा चिखलाचा गोळा कुणी ठेवला?"

२

वाइंडिंगवाली साडेनऊला आली ती थेट या आगीत.

आठ वर्षं ती काकूंच्या शेजारी बसून शिकली होती. काकूंचा पिकअप कुणीतरी काढून नेला, जागी हुबेहूब दुसरा बसवला, आकडासुद्धा जुळवला. हे ती सोडून कुणाला जमणार? शिवाय काल रविवारी कारखाना बंद असताना ती कुलूप उघडून आत गेलेली समोरच्या दुकानदाराने पाहिली होती. आणि पलीकडच्या मोठ्या फॅक्टरीचं बोलावणं महिनाभर तिच्या मागे होतं.

"चष्मा विसरले होते, दादा. पाच मिनिटांत निघाले."

"चष्मा!" दादा गरजले. "चार वाजेपर्यंत माझ्या बायकोचा पिकअप या टेबलावर दिसला नाही, तर मी गिऱ्हाइकाला सांगेन कुणी नेला ते. सगळ्यांसमोर."

या धंद्यात माणसं मोजकी आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. एकदा चोर म्हटलं की तिला पुन्हा कुणी मशीनजवळ उभं करणार नव्हतं. ती रडली नाही, ओरडली नाही. एप्रनची गाठ सोडली, त्याची चौघडी करून टेबलावर ठेवली.

"मी बाहेर बाकावर बसते," ती म्हणाली. "पळाली म्हणायला नको कुणी."

दाराच्या आड उभ्या असलेल्या लेकीने तोंडावर हात ठेवला. जावयाने फोन उचलला आणि एकाच माणसाला लावला. दादा घाबरत असं एकच माणूस आता उरलं होतं.

३

आत्या अकराला आली. दादांची थोरली बहीण. आयुष्य पियानो जुळवण्यात गेलेलं, गुडघे गेलेले, कान शाबूत.

"काल माझ्याकडे जेवलास तेव्हा माणूस होतास," ती दादांना म्हणाली. "आज वाघ झालास. आधी बाकावरच्या बाईला शाल द्या कुणीतरी. मग मला गिटार वाजवून दाखव."

जावयाने पिकअप पुन्हा जोडला. दादांनी तारा छेडल्या.

"नुसता पुढचा," आत्या म्हणाली. आवाज आला, भरड, जाड, वरचा उजेड गेलेला. त्याच्या मागे स्पीकरमधली बारीक गुणगुण.

"नुसता मागचा." स्वच्छ आवाज. मागे तीच गुणगुण.

"आता दोन्ही." गुणगुण टपकन थांबली.

"ही कुठे गेली?"

"दोन्ही लावले की ती जाते, आत्या," जावई म्हणाला. "एक पिकअप सुलटा गुंडाळलेला, दुसरा उलटा, चुंबकही उलटे. मग दोघांची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. शनिवारीही जात होती. त्यात काही गडबड नाही."

"गडबड नाही," आत्याने शब्द चघळत म्हटलं आणि डोळे मिटले. "तेच जरा विचित्र आहे."

काल दुपारी कोण कुठे होतं ते तिने जावयापासून विचारायला सुरुवात केली. त्याने दादांना आत्याच्या घरी सोडलं आणि गिटारीची पेटी आणायला गेला. दोन तास एकटा.

"तू नेहमी म्हणतोस, तयार पिकअप विकत आणू, हे हाताचं गुंडाळणं बंद करू."

"म्हणतो. म्हणजे काय सासूबाईंचा पिकअप चोरेन? आणि आत्या, ती तार माझ्या हातात दोन मिनिटं टिकत नाही. सासूबाई म्हणायच्या, जावईबापू, तुम्ही दोरखंड गुंडाळा."

"वही दाखव त्यांची."

जावयाने वही उघडली. पानोपानी आकडे, आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात आणखी एक छोटा आकडा. शेवटच्या पानावर तेहतीस.

"हा कसला?"

"अनुक्रमांक असेल."

आत्याने मागची पानं उलटली. एकतीस. एकोणतीस. बारा. चौदा. बावीस.

"तुझ्या सासूला मोजता येत नव्हतं का रे?"

दादांना विचारलं तर त्यांनी मान हलवली. "आक्का, मी लाकडाचा माणूस. तिच्या खोलीत मी कधी बोट घातलं नाही."

४

काकूंची खोली म्हणजे मागची चिंचोळी जागा. मशीन, स्टूल, तारेची रिळं. भिंतीवर एक साधा थर्मामीटर. मशीनला दोन बटणं, एक सुलटं, एक उलटं. सुलट्याची रंगखूण बोटांनी घासून गेलेली. उलट्यावर सहा महिन्यांची धूळ असायला हवी होती.

ते स्वच्छ होतं.

"हे बटण कोण वापरायचं?" आत्याने दारात उभ्या लेकीला विचारलं.

"आई. ती डावखुरी होती ना. तार डाव्या हातात धरायची, मग मशीन उलटं फिरवावं लागतं. ताई उजव्या हाताच्या, त्या सुलटं फिरवतात." वाइंडिंगवालीला ती ताई म्हणे. ताई म्हणताना तिचा आवाज अडखळला. "आत्या, चहा आणू?"

"आण. आणि तुझ्या खोलीत बसू, तिथे ऊब आहे."

लेकीची खोली रंगाची. रंग दिलेली गिटारीची धडं वाळायला टांगायचं मोठं बंद कपाट तिथे होतं. आत हीटर मंद घुमत होता. फटीतून आत्याने पाहिलं. टांगायचे हूक रिकामे होते. एकही धड टांगलेलं नव्हतं.

लेक चहा घेऊन आली. तिने कप असा ठेवला, की त्याचा कान आत्याच्या डाव्या हाताला आला. आत्याने तो फिरवून घेतला.

"बोटाला काय झालं गं?"

लेकीने डाव्या हाताचं पट्टी बांधलेलं बोट मुठीत लपवलं. "पातं लागलं. पॉलिश करताना."

"काल दुपारी कुठे होतीस?"

"वर. झोपले होते."

"तुझी आई गुंडाळताना गायची ना?"

लेकीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "सारखी. मी पायाशी बसायचे, ती मोजेपर्यंत झोपून जायचे. तिचं एकच भजन चालायचं, एका कडव्याला एक थर. कडवं चुकलं तर थर उकलायची. म्हणायची, देवाचं नाव मोजून घेतलं की तार आपोआप नीट बसते." ती उठली. "मी कप धुते."

आत्याचा चहा अजून अर्धा होता.

५

दोन वाजले. मग अडीच. दादा येरझारा घालत होते. खिडकीतून बाकावरची वाइंडिंगवाली दिसत होती, शाल मांडीवर तशीच घडी घातलेली, पाठ ताठ.

"आक्का, काय ते बोल," दादा म्हणाले. "की मी बोलू?"

"तू सकाळपासून बरंच बोललास." आत्याने जावयाकडून मीटर मागून घेतलं. गिटारीतला संशयित पिकअप सोडवून त्याच्या दोन वायरी मीटरला जोडल्या. आठ पॉइंट दोन शून्य. मग, हात गार पडल्यासारखे, तिने तो पिकअप दोन्ही तळव्यांत घट्ट धरला आणि देवासमोर बसावं तशी गप्प बसली.

पाच मिनिटं गेली.

"आत्या, डोळा लागला का?" जावयाने विचारलं.

"मीटर बघ."

जावयाने पाहिलं. पुसून पुन्हा पाहिलं. "आठ पॉइंट चार सहा. हे... हे मघाशी..."

"खराब झालं?"

"नाही. नाही, थांबा." त्याने टोपी काढली. "तांबं. तांबं तापलं की जास्त अडवतं. शिकलो होतो मी हे! परीक्षेपुरतं!"

आत्या उठली. गुडघे कुरकुरले. "बाकावरच्या बाईला आत बोलवा. आणि कुणी तिला एक अक्षर सांगायचं नाही. मी तिला एकच प्रश्न विचारणार आहे."

६

वाइंडिंगवाली आत आली. ओठ थंडीने निळे पडलेले.

"काकूंचा शेवटचा पिकअप," आत्या म्हणाली. "सकाळी नऊला, इथे, या खोलीत मोजला असता. मीटरवर किती यायला हवं होतं?"

"आठ पॉइंट दोन!" दादा म्हणाले. "वहीत लिहिलंय."

"तुला नाही विचारलं."

वाइंडिंगवालीने सवयीने आधी मागच्या खोलीत जाऊन भिंतीवरच्या थर्मामीटरवर नख वाजवलं, मग वहीचं पान उघडून कोपऱ्यावर बोट ठेवलं. "काकूंनी मोजला तेव्हा हवा तेहतीस होती. सकाळी नऊला तेरा असेल. वीस अंशांचा फरक." ती पुटपुटत हिशेब करू लागली. "सात पॉइंट सहा. फार तर थोडं इकडेतिकडे."

"सकाळी आठ पॉइंट दोन शून्य आला. तंतोतंत."

"या थंडीत?" ती एकदम म्हणाली. "मग तो काकूंचा नाहीच! त्यात सहाशे-एक वेटोळी जास्त आहेत. आवाज दबलेला येईल, जाड. मला आकडा सकाळीच सांगितला असता तर..."

"तुला कुणी आकडा सांगितला नाही. चोर तेवढं सांगितलं," आत्या म्हणाली.

दादांनी वही ओढून कोपऱ्यातला आकडा पाहिला.

"आता ऐक, भाऊ. आकडा बरोबर आला, तिथेच तो खोटा ठरला. ज्याने नकली पिकअप बनवला त्याने वहीतला आकडा गाठला आणि थांबला. कोपऱ्यातला तेहतीस त्याला कळला नव्हता. ही बाई आठ वर्षं आधी हवा बघते, मग मीटर. चोरी करायचीच असती तर ती सात पॉइंट सहाला थांबली असती, आणि तुला काही कळलंही नसतं. ही चूक तिच्या हातून होणं शक्य नाही."

"मग कोण?" जावई म्हणाला. "मी नाही हं. दोरखंडवाला."

"तू नाहीस. नकली पिकअप मागच्याच्या उलटा गुंडाळलाय, काकूंसारखाच. म्हणून दोन्ही लावले की गुणगुण थांबते. धूळ पुसलेलं बटणही उलटंच. उलटं फिरवायचं तर केसाएवढी तार डाव्या हाताने धरावी लागते, आणि ती धरण्यासाठी डावखुरं बोट हवं." आत्याचा आवाज मऊ झाला. "लहानपणी मशीनच्या पायाशी बसून शिकलेलं. थर कडव्यावर मोजणारं. पण मोजमाप व्हायचं तेव्हा झोपी गेलेलं. त्याला थर्मामीटर कुठून माहीत असणार?"

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. लेक दारातच होती.

"रिकाम्या कपाटात हीटर कुणासाठी चाललाय गं, बाळ?" आत्याने विचारलं. "आईची वस्तू थंडीत ठेवायला मन होईना, हो ना?"

७

लेकीने कपाट उघडलं. सर्वांत खालच्या फळीवर, मऊ फडक्यात, तान्ह्या बाळासारखा गुंडाळून तो ठेवला होता. तिने तो वाइंडिंगवालीच्या हातात दिला. जावयाने मीटर लावलं.

आठ पॉइंट एक नऊ.

"कपाटात हवा किती?" आत्याने विचारलं.

"तेहतीस," आत डोकावून जावई म्हणाला.

मग सगळे मीटरभोवती उभे राहिले. पिकअप गार टेबलावर होता. आठ पॉइंट एक दोन. आठ पॉइंट शून्य तीन. सात पॉइंट नऊ. जणू आकड्यागणिक एकेक उन्हाळ्याचा दिवस उतरत होता. तो सात पॉइंट सहावर आला आणि तिथेच राहिला.

"बाबा, तो परक्याच्या घरी जाणार होता," लेक म्हणाली. "त्यात ती अख्खं भजन गायली होती. मी वर बसून ऐकलं होतं, शेवटचं. आईने चुंबक बसवून ठेवलेलं एक रिकामं रीळ खणात होतं. वाटलं, आकडा जुळला की कुणाला काय कळणार? तुमचा कानही... मला वाटलं, कळणार नाही."

"आणि ही सकाळपासून बाकावर बसली होती," दादा म्हणाले. ते ओरडले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

"तोंड उघडायचं होतं. दहा वेळा दारापर्यंत आले." ती वाइंडिंगवालीकडे वळली. वाकून तिच्या पायांना हात लावायला गेली, तर वाइंडिंगवालीने तिचे खांदे धरून तिला उभं केलं.

पाच तास थंडीत बसलेलं माणूस लगेच मऊ होत नाही. तिने नकली पिकअप उचलला, डोळ्यांजवळ धरला, वेटोळ्यांवरून नजर फिरवली. एकदा, दोनदा.

"एकदाही तार तुटली नाही?"

"नाही."

"पहिल्याच खेपेला." तिने मान हलवली. "मला दोन वर्षं लागली होती. अगं, सोल्डर तेवढं भयंकर आहे."

जावयाला हसू आलं आणि त्याने ते टोपीत दडवलं.

"बाई," दादा उठून म्हणाले, "मी सकाळी जे बोललो..."

"दादा, ते नंतर. सगळ्यांसमोर बोललात, तसं सगळ्यांसमोरच घ्या परत, गिऱ्हाईक आल्यावर. आत्ता सव्वातीन झालेत." तिने टेबलावरचा एप्रन झटकून कमरेला बांधला. "सोल्डरगन तापवा."

लेकीने आईचा पिकअप दोन्ही हातांत धरला होता. तो सोडवेना.

"कपाटात तो मुका आहे गं," आत्या म्हणाली. "तुझी आई बंद खोलीत गायची, पण गुंडाळत होती ती कुणी ऐकावं म्हणून."

लेकीने तो जावयापुढे ठेवला.

चारला पाच कमी असताना दादांनी तारा जुळवून पहिला सूर छेडला. वरचा उजेड परत आला होता. दादांनी डोळे मिटून उजवा कान पुढे केला, आणि बराच वेळ तसेच राहिले. मागच्या खोलीत दोघी जणी होत्या. नकली पिकअपची जास्तीची वेटोळी वाइंडिंगवाली अलगद सोडवत होती, आणि मीटरवरचा आकडा सात पॉइंट सहाकडे उतरत होता.

"बस," ती म्हणाली. "पुढच्या गिटारीला हाच. वहीत लिही. नवं पान घे."

लेकीने डाव्या हातात पेन घेतलं आणि आकडा लिहायला पानाच्या मध्यावर टेकवलं. वाइंडिंगवालीने भिंतीवर नख वाजवलं.

"आधी हे."

लेकीने पेन उचललं, मान वर करून पाहिलं, आणि कोपऱ्यात लिहिलं: चौदा.

बाहेर दाराची घंटी वाजली.